घरचं आहे म्हणून कितीही?

प्रश्न : आमचा कुत्रा मोती (नाव बदललं आहे) पुढच्या महिन्यात 8 वर्षांचा होईल. त्याचं निर्बीजीकरण झालेलं आहे. वर्षभरापूर्वी त्याच्या बिस्किटांच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचायला घेतली, तर निम्मी नावं मला उच्चारताही येईनात. तेव्हापासून त्याचा खाऊ मी घरीच भाजते. दोन कप कणीक, अर्धा कप पीनट बटर, एक अंडं, दोन मोठे चमचे मध आणि तीन मोठे चमचे खोबरेल तेल. एका खेपेत चाळीसेक बिस्किटं होतात आणि दिवसाला सहा-सात जातात. मोती खूश, मीही खूश. पण वर्षभरात त्याचं वजन 12 किलोंवरून साडेचौदावर गेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइडसकट सगळं ठीक निघालं आणि ते म्हणाले, "बिस्किटं बंद करा." मुलगा म्हणतो, त्यापेक्षा पाकिटातलं दे, निदान मोजून तरी देशील. घरचं पौष्टिक बंद करून कारखान्यातलं द्यायचं हे मला पटत नाही. हल्ली मोती वाटीतलं पाव हिस्सा डॉग फूड तसंच टाकतो, त्यामुळे त्याचं सगळंच जेवण घरी करावं का, असंही मनात येतं. बिस्किटात मधाऐवजी शुगर-फ्री घातलं तर चालेल का? वाढदिवसाच्या केकमध्ये मनुका आणि थोडं जायफळ घालायचा विचार आहे. आणि हो, नाही म्हटलं की तो असा काही बघतो की मलाच अपराधी वाटतं.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्राचा शेवट मी आधी घेते. बाकीचं सगळं सावकाश बोलता येईल, हे नाही.

केकमध्ये मनुका नको. एकही नको. द्राक्षं, बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन शेपूट हलवत फिरतो, तर दुसऱ्याला थोड्याशाच मनुका महागात पडतात, त्यामुळे 'एवढ्या चालतील' असं कुठलंही सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. भाजल्याने किंवा शिजवल्यानेही धोका टळत नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर 2021पासून पशुवैद्यांचा दाट संशय आहे. बेकिंगमध्ये वापरतात ते क्रीम ऑफ टार्टार म्हणजे याच आम्लाचं क्षार, तेव्हा तेही मोतीच्या भांड्यापासून लांबच ठेवा. जायफळही नको, त्यातलं मायरिस्टिसिन कुत्र्याच्या मज्जासंस्थेला त्रास देतं. केकला वास हवाच असेल तर चिमूटभर दालचिनी चालेल.

आता शुगर-फ्री. तुम्ही वजनाच्या काळजीने विचारलंत, आणि नेमका तोच सगळ्यात घातक बदल ठरू शकला असता. साखरेच्या काही पर्यायांत झायलिटॉल असतं. माणसाच्या इन्सुलिनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, पण कुत्र्याच्या शरीरात ते गेलं की इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि रक्तातली साखर धाडकन उतरते, बऱ्याचदा तासाभराच्या आत. किलोमागे 0.1 ग्रॅम एवढंही त्याला पुरतं. मोतीच्या वजनाला हा हिशेब दीड ग्रॅमच्याही आतच येतो, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. प्रमाण किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं तर यकृतालाही इजा होऊ शकते. डब्यावर 'झायलिटॉल', 'बर्च शुगर' किंवा 'ई967' यांपैकी काहीही दिसलं तर ती वस्तू मोतीच्या खाऊत जाता कामा नये. आणि आज उठून पीनट बटरच्या बरणीवरची यादीही वाचा. काही कंपन्या त्यातही झायलिटॉल घालतात. वर्षभर काही झालं नाही म्हणजे तुमच्या बरणीत ते नसणार, पण उद्या ब्रँड बदललात तर?

यांपैकी काही त्याने खाल्लंच, तर लक्षणांची वाट बघू नका. पाकीट हातात घ्या, डॉक्टरांना फोन करा आणि निघा. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका, जास्तीचं मीठ हे त्याच्यासाठी आणखी एक विष आहे.

हे झालं. आता बसून बोलू.

तुमच्या पत्रात 'पौष्टिक' हा शब्द असा आला आहे, जणू तो 'घरचं' या शब्दाबरोबर फुकट मिळतो. तुमची कृती मी कागदावर मांडून बघितली. दोन कप कणकेच्या सुमारे 815 कॅलरी, अर्धा कप पीनट बटरच्या 765, तेलाच्या 350, मधाच्या 130 आणि अंड्याच्या 70. बेरीज 2100च्या थोडी वर. चाळीस बिस्किटांत वाटली की एकेक बिस्किट 53 कॅलरींचं झालं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी पीनट बटर आणि तेलाच्या.

12 किलोच्या, निर्बीजीकरण झालेल्या, बेताने हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 650 ते 700 कॅलरी लागतात. पशुवैद्य सांगतात की खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवावा. म्हणजे दिवसाचा सगळा खाऊ मिळून 65 ते 70 कॅलरी. तुमच्या एका बिस्किटात तो जवळजवळ संपला. सहा-सात बिस्किटं म्हणजे साडेतीनशेच्या आसपास, त्याच्या दिवसाच्या गरजेच्या निम्मं. एकही घटक वाईट नाही, सगळे स्वच्छ आणि ताजे. तरीही हे बिस्किट नसून छोटं जेवण आहे, आणि मोती ते दिवसातून सहा वेळा जेवतो.

अडीच किलो ऐकायला थोडे वाटतात. 60 किलोच्या बाईचे वर्षभरात साडेबाहत्तर व्हावेत तेवढी ही वाढ आहे. एक जुना प्रयोग इथे सांगायलाच हवा. 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं आयुष्यभर दिलं. 2002 साली निष्कर्ष आले तेव्हा कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळपास दोन वर्षं जास्त जगली होती, आणि सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठली होती. कुत्र्याच्या आयुष्यातली दोन वर्षं, ताई.

वाटीत उरणाऱ्या डॉग फूडचा उलगडाही याच हिशेबात आहे. मोतीला भूक नाही असं नाही, त्याचं पोट आधीच भरलेलं असतं. शिवाय वाटी टाकली की काहीतरी जास्त चविष्ट येतं, हे तो शिकला आहे. यातली खरी काळजीची गोष्ट वेगळीच. कॅलरी त्याला जास्त जाताहेत, पण जीवनसत्त्वं आणि खनिजं ज्या वाटीतून मिळायची तिचा पाव हिस्सा तो रोज सोडतोय. म्हणजे वजन वाढतंय आणि पोषण घटतंय. (अर्थात, वाटीतलं खाणं अचानक सुटलं आणि त्याबरोबर उलट्या, मरगळ किंवा वजनात घट दिसली, तर मात्र ती लाडाची लक्षणं समजू नका. तुमच्याकडे तपासण्या झाल्या आहेत, म्हणून मी हे ठामपणे लिहिते आहे. इतर वाचकांनी आधी तपासून घ्यावं.)

म्हणूनच त्याचं सगळं जेवण घरी करायचा विचार सध्या बाजूला ठेवा. ते अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण, जस्त, तांबं, ड जीवनसत्त्व हे सगळं अंदाजाने जुळत नाही. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी 2013 साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या, त्यांतल्या 95 टक्क्यांत एखादा तरी आवश्यक घटक कमी भरला. त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्या कृतीही होत्या. करायचंच असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून मोतीपुरता आराखडा करून घ्या आणि त्यात स्वतःच्या मनाने बदल करू नका. खाऊची गंमत ही की तो अपुरा असला तरी बिघडत नाही, कारण पोषणाचा भार त्याच्यावर नसतोच. तुम्हाला भाजायची हौस आहे, ती खाऊतच पुरवा.

पाकिटावरच्या नावांबद्दलही थोडं. उच्चारता येत नाही ते वाईट, ही कसोटी तुम्हाला फसवेल. 'मिक्स्ड टोकोफेरॉल्स' म्हणजे ई जीवनसत्त्वाचे प्रकार, ते चरबी खवट होऊ नये म्हणून घालतात. उलट 'मनुका' हा शब्द किती सोपा आहे! पाकिटातल्या काही खाऊत मीठ, साखर आणि रंग असतात हे खरंच, आणि रंगाचा तर कुत्र्याला काडीचा उपयोग नाही. पण तुमच्या मुलाचं म्हणणं सरसकट उडवून लावू नका. बऱ्याच पाकिटांवर एका तुकड्याच्या कॅलरी छापलेल्या असतात. तुमच्या डब्यावर त्या नव्हत्या, एवढाच काय तो मुलाचा मुद्दा आहे, आणि तो बरोबर आहे.

आणि त्याचं ते बघणं. 2019 साली शास्त्रज्ञांनी कुत्र्यांचे आणि लांडग्यांचे चेहरे तपासले, तेव्हा भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठसठशीत आढळला, लांडग्यांत जवळजवळ नाहीच. माणसाच्या सहवासात हजारो वर्षं काढताना हा चेहरा घडला असावा, असा त्यांचा कयास आहे. म्हणजे तुम्ही एकट्या विरघळत नाही, तुमच्या आधीच्या कित्येक पिढ्या विरघळल्या आहेत. पण तो चेहरा दर वेळी भुकेचाच असतो असं कशावरून? कधी त्याला बाहेर जायचं असतं, कधी खेळायचं असतं, कधी नुसतं तुमचं लक्ष हवं असतं. बघण्याला दर वेळी बिस्किटाचं उत्तर मिळत गेलं की त्याच्याकडेही मागायला दुसरं काही उरत नाही. पुढच्या वेळी आधी उठा, त्याच्याशी बोला, दोन मिनिटं चेंडू टाका. बऱ्याचदा प्रकरण तिथेच मिटतं. उरलंच तर तुकडा आहे.

तुकडा म्हणते आहे, बिस्किट नाही. बिस्किट हा आपला हट्ट आहे. 1860च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किटं विकायला सुरुवात केली, तेव्हापासून कुत्र्याचा खाऊ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बिस्किटच येतं. हाडाचा आकार, टपोरा गोल, वर नक्षी, हे सगळं विकत घेणाऱ्यासाठी. कुत्र्यांना बक्षिसासाठी धावायला लावून पाहिलं, तर खाऊ जास्त चविष्ट असला की ती जोरात धावली. नुसते तुकडे जास्त ठेवल्याने त्यांच्या वेगात फरक पडला नाही. तेव्हा वास चांगला आणि तुकडा बारीक, हे धोरण ठेवा.

त्या धोरणाने एक कृती देते. 200 ग्रॅम ओट्स मिक्सरमधून दळून घ्या. त्यात उकडून, निथळून कुस्करलेला 120 ग्रॅम लाल भोपळा आणि एक अंडं घाला. मीठ, साखर, मध, तेल, बेकिंग पावडर, काहीच नाही. गोळा सैल वाटला तर थोडं ओट्सचं पीठ, कोरडा वाटला तर चमचाभर पाणी. बटर पेपरवर चार-पाच मिलिमीटर जाड लाटा आणि भाजायच्या आधीच सुरीने दीड-दीड सेंटिमीटरचे चौकोन पाडा. 160 अंशांवर 25 ते 30 मिनिटं भाजा, मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि तासभर आतच वाळू द्या. दिसायला अगदी साधे होतात, फोटो काढण्यासारखे मुळीच नाहीत. पण अडीचशेच्या आसपास तुकडे निघतात आणि एकेक तुकडा साडेतीन कॅलरींच्या आत बसतो. जुन्या एका बिस्किटाच्या जागी पंधरा तुकडे!

वास वाढवायचा असेल तर पाण्याऐवजी नुसतं चिकन उकडलेलं पाणी घाला. त्या पाण्यात कांदा, लसूण किंवा मीठ पडलेलं नसावं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवून त्यांचा दोष जात नाही आणि पावडर तर ताज्या कांद्याहून तीव्र. त्रास काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही. भोपळ्याऐवजी गाजर चालेल. रताळंही चालेल, मात्र कॅलरी थोड्या वाढतील. कणीक चालतेच, गव्हाला उगाच बदनाम करू नका. कुत्र्यांना पिष्टमय पदार्थ लांडग्यांपेक्षा खूप चांगले पचतात, आणि त्यांच्यातल्या खाण्याच्या ॲलर्जीत बीफ, दूध, चिकन यांचा नंबर गव्हाच्याही आधी लागतो. पीनट बटर पूर्ण सोडायचं नसेल तर आठवड्यातून एकदा, चहाचा अर्धा चमचा, आणि तेही त्या दिवसाच्या हिशेबात धरून.

साठवण ही घरगुती खाऊची खरी कच्ची बाजू. तुमच्या बिस्किटांपेक्षा या तुकड्यांत ओल जास्त असते आणि टिकवणारं काही नसतं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस पुरतील एवढेच ठेवा, बाकीचे फ्रीझरमध्ये टाका, आणि डब्यावर तारीख लिहा. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच काढून बाकीचे वापरू नका, सगळा डबा टाकून द्या. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला कंप आणि झटके येतात. मळलेला कच्चा गोळाही ओट्यावर उघडा ठेवू नका. यीस्ट घातलेली कणीक कुत्र्याने गिळली तर ती पोटात फुगत राहते आणि आंबून दारू तयार होते. या कृतीत यीस्ट नाही, पण तुम्ही घरच्यांसाठी ब्रेडही करत असाल, म्हणून सांगितलं.

वाढदिवसाचा केक याच गोळ्यात आणखी थोडा भोपळा घालून, छोट्या वाटीत भाजून करा. वर साधं, बिनसाखरेचं दही पातळ पसरा. चॉकलेट कुठल्याही रूपात नको, त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. आणि केकचे पाच-सहा भाग करून ते पाच-सहा दिवसांत द्या. वाढदिवस कोणता, याची मोतीला कल्पना नाही, त्यामुळे त्याचं काही बिनसणार नाही.

इतर वाचकांसाठी एवढंच की स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा ॲलर्जी शोधण्यासाठी ठरावीक आहार चालू असेल, तर ही कृतीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नये. आहाराच्या त्या चाचणीत एक चुकार तुकडाही आठवड्यांची मेहनत वाया घालवतो. दात झिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तुकडे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत. कोणत्याही वयात, नखाने दाबून जराही खूण उठणार नाही इतका कडक खाऊ नकोच, त्याने दाढा तडकतात.

आता तुमच्या डॉक्टरांकडे परत जा आणि 'बंद'चा अर्थ विचारा. त्यांनी पाहिली ती 53 कॅलरींची बिस्किटं होती. ही नवी कृती कॅलरींसकट कागदावर लिहून न्या. वजन उतरवताना मोतीसारख्या कुत्र्याला दिवसाला एकूण साडेचारशेच्या आसपास कॅलरी देतात, पण नेमका आकडा आणि वाटीचं माप तेच ठरवतील. त्यात डझनभर तुकडे सहज बसतात. म्हणजे हात पूर्वी सहा-सात वेळा पुढे व्हायचा, तो आता बारा वेळा होईल. सकाळीच बारा तुकडे मोजून एका छोट्या डबीत काढा आणि घरात सगळ्यांनी त्याच डबीतून द्यायचं, असं ठरवा. मुलानेही. डबी संपली की त्या दिवसाचा खाऊ संपला.

डॉग फूड वाटीने न मोजता वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर उचला, पुढच्या वेळी परत द्या, मधे दुसरं काही नको. पहिले दोन-चार दिवस तो नाटकं करेल. पण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. आठवड्याला दीडशे ते तीनशे ग्रॅम उतरले तर गती ठीक आहे, त्याहून झपाट्याने उतरले तर वाटी वाढवावी लागेल. दर दोन आठवड्यांनी, एकाच काट्यावर, सकाळी खाण्याआधी वजन घ्या. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या दाबल्याशिवाय हाताला लागू लागल्या आणि वरून पाहताना कंबर दिसू लागली, की डॉक्टरांकडून रोजचं नवं माप घ्या. तेव्हा बारा तुकड्यांचे अठरा करायला हरकत नाही.